प्रिंटरची तार आणि माझी सही

माझ्या प्रिंटरला एक तार होती आणि त्या तारेमुळे माझे सासरे आठवड्यातून तीनदा सोळा पायऱ्या चढून माझ्या खोलीत यायचे. ती तार निघू नये म्हणून मी दोन वर्षं तोंड मिटून बसले आणि वेळ आली तेव्हा सरळ खोटं बोलले. ही कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी मोठ्या मनाची बाई आहे असा गैरसमज व्हायला नको.

जबलपूरला आमचं दुमजली घर आहे. वर मी आणि नवरा, खाली बाबा, म्हणजे सासरे. मी घरीच गणिताच्या ट्यूशन घेते. मुलांना सरावाचे पेपर काढून द्यायला म्हणून अकरा वर्षांपूर्वी एक काळा, जडशीळ प्रिंटर घेतला होता. त्याला वाय-फाय वगैरे काही नाही. मागून एक जाड तार निघते, ती कॉम्प्युटरला लावायची आणि छापायचं. धूळ बसते, घुरघुर करतो, पण अजून एकदाही दुरुस्तीला गेलेला नाही.

बाबा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत नकाशे काढायच्या विभागात होते. तिथे एक नियम होता. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात दोन सह्या लागत, एक काढणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. दुसरी सही नसेल तर तो कागद म्हणजे रद्दी, मग काढणारा कितीही हुशार असो. बाबा निवृत्त झाले, पण हा नियम काही निवृत्त झाला नाही. घरात वाण्याची यादीसुद्धा ते दुसऱ्याला वाचायला लावत आणि खाली सही घेत.

सासूबाई गेल्या त्या वर्षी बाबांनी मंडळाचं भित्तीपत्रक सुरू केलं. मंडळ म्हणजे आपल्या मराठी लोकांचं, आणि भित्तीपत्रक म्हणजे एकच पान. दर रविवारी ते सभागृहाबाहेरच्या काचेच्या फलकात लागतं. कोण आजारी आहे, कुणाला नात झाली, कुणाचा मुलगा नागपूरला नोकरीला लागला, एखादी भाजी, फॅक्टरीतली एखादी जुनी आठवण. आमच्याकडच्या मुलांना मराठी समजतं, पण बोलताना ती हिंदीत घुसतात. ती काचेवर बोट ठेवून एकेक शब्द वाचतात तेव्हा बाबा लांब उभे राहून बघत असतात.

बुधवारी चार वाजता बाबा पेन्सिलीने लिहिलेला मजकूर घेऊन वर यायचे. मी टाइप करायची, छापायची, मग ते लाल पेनने खुणा करायचे. शुक्रवारी दुसरी प्रत, शनिवारी शेवटची. तिच्या तळाशी दोन जागा असायच्या. 'लिहिले' याच्यापुढे बाबांची सही आणि 'तपासले' याच्यापुढे माझी. मी इथल्याच दीक्षितपुऱ्यात वाढलेली, हिंदी शाळेत शिकलेली मुलगी, आणि अख्ख्या मंडळाचं मराठी माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नव्हतं. हळदीकुंकवाला गेले की बायका म्हणायच्या, "आल्या तपासणाऱ्या बाई." मी वरवर लाजायची आणि घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगायची.

चहा दोघांचा व्हायचा, साखर कमी आणि आलं जास्त. शनिवारी सही झाली की बाबा खिशातून पुडी काढायचे, बड्या फुहाऱ्याच्या चौकातली खोव्याची जलेबी. ती खाता खाता ते सासूबाईंबद्दल काहीतरी सांगायचे, जे खाली कधी सांगत नसत. माझा नवरा त्यांचा सख्खा मुलगा, पण त्यालाही त्यातलं निम्मं ठाऊक नाही. हे सगळं माझं होतं.

दोन वर्षांपूर्वी घरात इंटरनेट आलं. डबा, म्हणजे राउटर, माझ्याच खोलीत बसवला. बसवणाऱ्या माणसाची नजर प्रिंटरवर गेली. तो म्हणाला, "दीदी, इसके पीछे यूएसबी है. प्रिंटर की तार यहाँ लगा दो, घर में कहीं से भी छाप लो. ऊपर आने की झंझट ही नहीं."

"अच्छा भैया," मी म्हणाले. तो गेल्यावर मी राउटरची पाठ भिंतीकडे फिरवून ठेवली. त्या दिवसांत नवऱ्याने आपला जुना लॅपटॉप बाबांना दिला होता आणि बाबा एका बोटाने मराठी टाइप करायला शिकत होते. खालीच टाइप झालं आणि खालूनच छापलं गेलं तर ते वर कशाला येतील, एवढा हिशोब मला गणिताची बाई असल्यामुळे चटकन जमला.

मग गेल्या वर्षी पुण्याहून धाकटा दीर आणि त्याची बायको आली. दोघांच्याही ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली होती. 'बाबा एकटे आहेत' असं म्हणत ते खालच्या दोन खोल्यांत राहायला आले. आयत्या बिळावर नागोबा, हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "बरं झालं, घर भरलं."

माझी जाऊ वाईट असती तर किती सोपं झालं असतं! पण ती चांगली आहे. हसरी, कामाला वाघ, आणि तिचं मराठी असं घरंगळत येतं की ऐकत राहावं. बाबा ऐकत राहायचे. सकाळी पोहे देताना ती त्यांचा मजकूर वाचायची, एखादा शब्द सुचवायची, आणि त्या दोघांचं हसणं जिन्यातून वर माझ्या स्वयंपाकघरात यायचं. मी भाजी परतताना गॅस मोठा करायची. एका शनिवारी जलेबीची पुडी वर आली ती अर्धी होती. उरलेली अर्धी तिला आधीच मिळाली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि जलेबीच्या दोन वेढ्यांवरून मला रडू आलं.

आणि मग एक दिवस ती वर आली, राउटरमागे वाकून बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, याला यूएसबी पोर्ट आहे की! प्रिंटर याला जोडून टाकूया का? बाबांना जिना चढायला लागणार नाही. त्यांचे गुडघे बघा ना किती सुजलेत."

"तो नुसता दाखवायला आहे," मी म्हणाले. "बसवणाऱ्या भैयानंच सांगितलं होतं, चालत नाही म्हणून."

"असं होय?" ती म्हणाली आणि खाली गेली. तिने लगेच विश्वास ठेवला याचाही मला राग आला.

बाबांच्या गुडघ्यांचं मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, मी बघत नव्हते. पण एका बुधवारी चार वाजून गेले तरी ते आले नाहीत म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी गेले. बाबा नवव्या पायरीवर बसले होते. कागद मांडीखाली दाबून ठेवला होता आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला होता. कण्हत नव्हते, नुसते बसले होते, पुढच्या सात पायऱ्यांकडे बघत. मी आवाज न करता मागे आले.

थोड्या वेळाने ते आले. कपाळ पुसलेलं होतं. "जिन्यात कबूतर बसलं होतं, त्याला हाकलून राहिलो होतो," म्हणाले.

मला माझीच लाज वाटली. आलं किसताना बोटाला लागलं तेही बरंच झालं असं वाटलं. पण खरं सांगायचं तर लाजेच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, की एवढा जिना चढून ते माझ्याकडे आले, तिच्याकडे नाही. असा विचार येणाऱ्या बाईच्या हातात प्रिंटर ठेवू नये, हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी मी जावेला वर बोलावलं. "तो पोर्ट एकदा लावून तर पाहू," म्हटलं. आधी काय बोलले होते त्याचा विषय काढला नाही.

तिने कॉम्प्युटरमधून तार उपटली आणि राउटरच्या मागे खोचली. तार तोकडी पडत होती, म्हणून प्रिंटर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवावा लागला. त्याच्या खाली अकरा वर्षांचा धुळीचा चौकोन होता, तो मी पदराने पुसला. ती माझ्या खुर्चीवर बसली. राउटरच्या बुडाला चिकटवलेला पासवर्ड मी वाचून दाखवला, तिने सोबत आणलेल्या बाबांच्या लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं आणि प्रिंटर सगळ्यांना वापरू द्यायचं बटण चालू केलं. लगेच पडद्यावर आमच्या प्रिंटरचं नाव उमटलं.

"वहिनी, दिसतोय की! चालतो हा पोर्ट!"

"आता चालू केला असेल कंपनीवाल्यांनी," मी म्हणाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तिने काही विचारलं नव्हतं, तरी मी उत्तर देऊन मोकळी झाले.

मग लॅपटॉपला नवा प्रिंटर ओळखायला लावायचा होता. तिने राउटरचा पत्ता, म्हणजे ते ठिपक्याठिपक्यांचे आकडे घातले, लांबलचक यादीतून प्रिंटरचा प्रकार निवडला आणि छापायची आज्ञा दिली. प्रिंटर घुरघुरला. कागद बाहेर आला. त्यावर एका ओळीत चौकोन, फुल्या आणि उलटीसुलटी चिन्हं होती, बाकी पान कोरं. मग दुसरा कागद, तसाच. मग तिसरा. एकामागून एक रद्दी बाहेर पडू लागली आणि ती "अरे, अरे" करत बटणं दाबू लागली. मी शेवटी कागदांचा खणच ओढून काढला.

खालून बाबांचा आवाज आला, "काय छापून राहिल्या गं दोघी? रामायण?"

मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खिडकीकडे तोंड केलं. सुंठीवाचून खोकला गेला! मी प्रयत्न केला होता, यंत्राने साथ दिली नव्हती, आता माझ्यावर कसलाही दोष नव्हता. बुधवारची चारची वेळ मला परत मिळाली होती.

ती हनुवटीला हात लावून पडद्याकडे बघत होती. "काय चुकतंय कळतच नाहीये," म्हणाली. मी सहज तिच्या खांद्यावरून बघितलं. यादीतून तिने निवडलेल्या प्रकाराचा शेवटचा आकडा होता आठ. माझ्या प्रिंटरच्या कपाळावर लिहिला होता सहा. अकरा वर्षं रोज समोर असलेला आकडा.

गप्प बसायचं, बस्स. एवढंच करायचं होतं. आणि मी तर दोन वर्षं गप्प बसून दाखवलं होतं. पण चूक डोळ्यांसमोर पडली की माझ्या बोटाला राहवत नाही, ही खोड बाबांनीच लावलेली. माझं बोट आपोआप पडद्यावर गेलं. "हे चुकलं. आठ नाही, सहा."

तिने सहा निवडला. पान निघालं, स्वच्छ, काळंभोर.

"वहिनी, जमलं!" तिने मला मिठी मारली आणि धडधडत खाली गेली. पाच मिनिटांनी प्रिंटर आपोआप सुरू झाला. खोलीत मी एकटी. माझं टेबल, माझा प्रिंटर, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. कागदावर मोठ्या अक्षरांत होतं, 'खालून नमस्कार.' बाबांनी एका बोटाने टाइप केलं असणार. मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

पुढच्या बुधवारी चार वाजता मी सवयीने दोन कप चहा ठेवला. प्रिंटर घुरघुरला, पान आलं, जाऊ दोन-दोन पायऱ्या चढत आली, पान घेतलं, "थँक्यू वहिनी" म्हणाली आणि गेली. मी दोन्ही कप प्यायले. शुक्रवारी तेच झालं. शनिवारच्या पानाचा विचार करत मी रात्रभर धुसफुसत राहिले. आता टाइप ती करणार, खुणा तिच्यासमोर होणार, मग सहीही तिचीच होणार. आणि का होऊ नये? तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी तपासणारी म्हणून सांगते.

शनिवारी पान आलं, पण जाऊ आली नाही. फोन वाजला. खालून बाबा.

"बेटा, पान निघालं का? वाच नि सही कर."

"मी काहून? तिनं टाइप केलं ना, तीच करेल सही."

"म्हणूनच तर. करणाऱ्यानं तपासायचं नसते. इतकी वर्षं तूच टाइप करत होती नि तूच सही करत होती. फॅक्टरीत असतो तर मेमो आला असता मला. आता कुठं नियमात बसलं. चलो, वाच."

फोन ठेवला आणि मी खोलीत अक्षरशः एक गिरकी घेतली. मग लाल पेन घेऊन बसले. वाढदिवस बरोबर. नात बरोबर. मेथीची भाजी बरोबर. शेवटी 'आमच्या घरून' या मथळ्याखाली होतं: 'तारेचा प्रिंटर घरभर चालवता येतो हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. धाकट्या सूनबाईंनी ते शोधून काढलं आणि या म्हाताऱ्याचा जिना वाचवला.'

आधी 'धाकट्या सूनबाईंनी' या शब्दांनी नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे तिचं कौतुक, आणि त्याच्याखाली 'तपासले' म्हणून सही माझी! मग नजर मागे गेली, 'कुणालाच' या शब्दावर, आणि तिथेच थांबली. बाबांच्या लेखी सही म्हणजे नुसतं वाचलं असं नव्हे. सही म्हणजे या कागदावर काहीही खोटं नाही. इतक्या वर्षांत मी खोट्याखाली सही केलेली नव्हती.

पान घेऊन मी खाली निघाले. जिना उतरताना लक्षात आलं, मी दिवसातून दहादा हा जिना उतरते. दूध, भाजी, दारावरची घंटा, कुणाचं कुरिअर. पण बाबांचं पान घेऊन मी एकदाही खाली गेले नव्हते. तार प्रिंटरला होती, माझ्या पायाला नव्हती. छापलेला कागद त्यांच्यापर्यंत नेणं इतकं सोपं होतं, आणि ते मला सुचलं नाही, कारण सुचायला नकोच होतं.

बाबा वेताच्या खुर्चीत होते. जाऊ जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. तिच्यासमोरच बोलावं लागणार होतं.

"बाबा, एक चूक आहे. 'कुणालाच' खोटं आहे. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"प्रिंटर राउटरला लागते म्हणून. दोन वर्षांपासून. इंटरनेटवाल्या भैयानं सांगितलं होतं."

जावेने कीबोर्डवरची बोटं उचलली. बाबांनी चष्मा काढला. त्यांचा हात आपसूक गुडघ्यावर गेला, तो मला बघवेना.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही वर आले नसते मग."

बाबांनी पान माझ्या हातातून घेतलं, 'कुणालाच' वर लाल गोल केला आणि ते स्वतःजवळच ठेवलं. "जा वर," म्हणाले. "दुरुस्त प्रत पाठवतो."

चढताना मी नवव्या पायरीवर बसले. अजून सात होत्या. मंडळातल्या बायका, तपासणाऱ्या बाई, उद्या काचेतून काय वाचतील ते सगळं डोळ्यांसमोर आलं. त्यापेक्षाही बाबांचा हात गुडघ्यावर गेला होता ते पुन्हा पुन्हा दिसत होतं. वर प्रिंटर घुरघुरल्याचा आवाज आला तेव्हा उठले.

पान अजून गरम होतं. बाकी सगळं तसंच होतं, फक्त शेवट बदलला होता. 'तारेचा प्रिंटर घरभर चालवता येतो हे आमच्या घरात एकीला माहीत होतं. तिने सांगितलं नाही. ती तार काढता येते का, हे मीही कधी विचारलं नाही, कारण वरचा चहा चांगला असतो. प्रिंटर धाकट्या सूनबाईंनी जोडला. त्यात झालेली चूक थोरल्या सूनबाईंनी काढली.'

मी ते तीनदा वाचलं. एकही चूक नव्हती. 'तपासले' याच्यापुढे सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठी झाली.

मग चहा ठेवला, किटलीत घेऊन खाली न्यायचा म्हणून. आलं किसता किसता लक्षात आलं, बाबांचं एक बोट एवढ्या वेळात इतक्या ओळी टाइप करू शकत नाही. त्यांनी सांगितलं असणार आणि तिने टाइप केलं असणार. म्हणजे वरचा चहा चांगला असतो, हे बाबांच्या तोंडून तिने ऐकलं. मला ते नुसतं वाचायला मिळालं.